मधली सुट्टी कोणी गिळली?

महाराष्ट्राच्या प्राथमिक शाळांत रोज भरदुपारी एक चोरी होते. चोरीला जाते ती सहा ते दहा वर्षांच्या मुलांची मधली सुट्टी. या चोरीत सरकार, संस्थाचालक, शाळा आणि आईबाप असे सगळेच सामील आहेत, म्हणून तिची फिर्याद द्यायला कोणी पुढे येत नाही. वेळापत्रकावर ती सुट्टी अजून छापलेली असते. पस्तीस मिनिटे, चाळीस मिनिटे. त्या मिनिटांचे काय होते ते कोणत्याही शाळेच्या फाटकाशी उभे राहून पाहावे. घंटा होते, मुले नळाशी रांग लावतात. मग खिचडीची रांग, मग मान खाली घालून जेवण, मग ताट धुण्याची रांग, मग शौचालयाची रांग. हे सारे उरकून एखादे पोर मैदानाकडे धावू लागते तोच पुढची घंटा होते. दोन पाळ्यांत भरणाऱ्या शहरी शाळांत तर सुट्टीच पंधरा-वीस मिनिटांची. डब्यातली पोळी निम्मी संपते न संपते तोच बाई टाळी वाजवतात. जिथे मैदानच नाही तिथे जागेवर बसून खा, जिन्यात पळू नका, आवाज करू नका, एवढेच ऐकू येते. आणि ज्यांचा गृहपाठ अपुरा, ज्यांचे पाढे कच्चे, ज्यांना शिष्यवृत्तीला किंवा नवोदयला बसवायचे, त्यांची ही उरलीसुरली मिनिटेही जादा तासात जातात.

आमचे म्हणणे आडवळण न घेता सांगतो. जेवणाचा वेळ वगळून रोज एक तास मोकळ्या हवेत मनाजोगते खेळणे हा पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलाचा हक्क आहे. तो हिरावणारी शाळा, मग तिचा निकाल कितीही उजळ असो, त्या मुलाच्या वाढीवर कुऱ्हाड घालते. हे आवेशाचे बोलणे वाटत असेल तर शरीरशास्त्र काय सांगते ते जरा नीट पाहू.

हाडावर जसा भार पडतो तशी ते आपली घडण बदलते, हा सिद्धांत युलियस वोल्फ या जर्मन शल्यविशारदाने १८९२मध्ये मांडला. मूल उडी मारून जमिनीवर उतरते, लंगडीत सगळे वजन एका पायावर घेते, तेव्हा नडगीला, मांडीच्या हाडाला, कण्याला धक्का बसतो आणि त्या धक्क्याला उत्तर म्हणून हाड दाट होत जाते. हाडाची ही तयारी सर्वांत उदार असते ती वयात येण्याआधीच्या आणि त्या सुमाराच्या वर्षांत. तिशीच्या आसपास हाडांचा साठा भरायचा थांबतो आणि पुढे आयुष्यभर त्यातून खर्चच होत राहतो. आज दुसरीत असलेल्या ज्या मुलीला आपण सुट्टीत पायरीवर बसवून ठेवतो, तिच्या साठीतल्या खुब्याचे हाड आपण आजच ठिसूळ करून ठेवत आहोत. तेव्हा तिला गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरला तिच्या शाळेचे नावही ठाऊक नसेल.

हाडांचे झाले, आता हालचालींचे घ्या. धावता धावता थांबणे, वळणे, झेप घेणे, झेलणे, नेम धरून फेकणे, तोल सावरणे ही कौशल्ये वयाबरोबर आपोआप उगवत नाहीत. ती हजार वेळा करून, शंभर वेळा पडून अंगात मुरतात, आणि मुरण्याचा काळ हाच. लगोरीत नेम, वाकणे आणि चेंडू चुकवणे एकाच डावात येते. आट्यापाट्यांत हुलकावणी देताना कमरेपासून टाचेपर्यंतचा प्रत्येक सांधा बोलतो. सूरपारंब्या खेळणारे मूल फांदीला लटकते तेव्हा त्याची मूठ, मनगट, खांदा आणि पाठ एकदम कामाला लागतात. ज्या मुलाचे अक्षर किरटे येते म्हणून त्याला सुट्टीत वर्गात बसवून शुद्धलेखनाची पाने गिरवायला लावतात, त्याची बोटे ज्या खांद्याच्या आणि पाठीच्या आधारावर चालतात तो आधार झाडावर आणि मैदानावर तयार होत असतो. म्हणजे रोगावर औषध म्हणून आपण रोगच वाढवतो!

मुलाचे हृदय आणि फुप्फुसेही मोठ्या माणसासारखी चालत नाहीत. लहान मूल अर्धा तास एका लयीत पळत नाही. ते दहा सेकंद जीव तोडून पळते, थांबते, धापा टाकते, मित्राशी भांडते, पुन्हा पळते. थोडक्या वेळाचे जोरकस झटके आणि मधला विसावा, ही बालशरीराची स्वतःची पद्धत आहे. शिवाशिवी, विषामृत, डबा ऐसपैस या खेळांची रचना नेमकी तशीच आहे, कारण ते मुलांनीच पिढ्यानुपिढ्या आपल्या दमसासाच्या मापाने घडवले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२०मध्ये पाच ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी साठ मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल आवश्यक ठरवली आणि आठवड्यातून तीन दिवस तरी हाडे-स्नायू बळकट करणारी हालचाल त्यात असावी असे सांगितले. आमच्या शहरातले मूल सकाळी रिक्षात कोंबून शाळेत येते, पाच-सहा तास बाकावर बसते, रिक्षात कोंबून घरी जाते, तिथून शिकवणीला जाते. त्याची ही साठ मिनिटे कोणत्या तासात बसवायची, हे सांगायला शिक्षण खात्यात एकही अधिकारी पुढे येत नाही.

डोळ्यांचा प्रश्न तर याहून भीषण आहे, आणि त्याविषयी पालकांना कोणी काही सांगतच नाही. लांबचे न दिसण्याचा दोष, ज्याला आपण साध्या भाषेत उणे नंबर म्हणतो, तो प्राथमिक शाळेच्या वयात झपाट्याने वाढतो. बुबुळापासून पडद्यापर्यंत नेत्रगोल प्रमाणाबाहेर लांबत जातो आणि एकदा लांबलेला नेत्रगोल पुन्हा आखडत नाही. हा दोष सुरू होण्यापासून अडवणारे सर्वांत स्वस्त औषध आकाशात आहे. वर्गात दिवे लावूनही प्रकाश काही शे लक्सच्या पलीकडे क्वचित जातो. बाहेर झाडाच्या सावलीतसुद्धा तो हजारांत असतो. त्या उजेडाने डोळ्याच्या पडद्यात डोपामिन हे द्रव्य स्रवते आणि नेत्रगोलाच्या लांबण्याला लगाम बसतो, असे नेत्रतज्ज्ञ मानतात. चीनमधील ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना रोज चाळीस मिनिटांचा एक जादा तास उघड्यावर दिला गेला. तीन वर्षांनी त्या शाळांत हा दोष जडलेल्या मुलांचे प्रमाण ३०.४ टक्के होते, नेहमीच्या शाळांत ३९.५ टक्के. तैवानमध्ये तर जादा तासही घातला नाही. एका शाळेने सुट्टीत सगळे वर्ग रिकामे करून मुलांना बाहेर काढले, एवढेच. वर्षभरात तिथे नव्याने दोष जडलेली मुले सुमारे साडेआठ टक्के निघाली, आणि शेजारच्या ज्या शाळेत हा नियम नव्हता तिथे साडेसतरा टक्क्यांच्या वर. मधल्या सुट्टीत वर्गाला कडी लावून मुलांना उन्हात पिटाळणे, एवढा हा उपाय! त्याला ना निधी लागतो, ना निविदा. आम्ही मात्र मुले वर्गात कोंडतो, मग नेत्रतपासणीची शिबिरे भरवतो आणि चष्मेवाटपाला पुढाऱ्यांना बोलावतो.

अभ्यासाचे काय, असे विचारणारे विचारतीलच. इलिनॉय विद्यापीठात चार्ल्स हिलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ-दहा वर्षांच्या मुलांना वीस मिनिटे चालवून मग चाचण्या घेतल्या, तेव्हा बसून राहिल्यानंतरच्या चाचण्यांपेक्षा त्यांचे लक्ष अधिक टिकले. फिनलंडमध्ये पंचेचाळीस मिनिटांच्या तासानंतर पंधरा मिनिटांची सुट्टी हा शिरस्ता आहे. ती मुले मागे पडली असे जगात कोणी म्हणत नाही. आमच्याकडे प्रत्येक मास्तरांना, प्रत्येक बाईंना हे ठाऊक आहे की सुट्टीनंतरच्या पहिल्या तासाला मुलांच्या डोक्यात जे शिरते ते शेवटच्या तासाला शिरत नाही. तरी सुट्टी कापून तास वाढवण्याचा अट्टहास चालूच आहे.

आणि तास तरी कायद्याने किती मागितले आहेत? शिक्षणहक्क कायद्याची अनुसूची उघडून पाहा. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि अध्यापनाचे ८०० तास. भागाकार तिसरीतले मूलही करील: दिवसाला चार तास. जिल्हा परिषदेची शाळा साधारण साडेदहा ते पाच भरते, म्हणजे साडेसहा तास. त्यातून शिकवण्याचे चार आणि जेवणाचा अर्धा तास वजा करा. दोन तास उरतात! परिपाठाला द्या, चित्रकलेला द्या, गाण्याला द्या, तरी खेळाचा एक तास सहज निघतो. दोन पाळ्यांच्या शाळेत ओढाताण होते हे खरे, पण तिथेही चाळीस मिनिटे काढता येतात. वेळ नाही ही सबब खोटी आहे. वेळ आहे; तो मुलांना द्यायची नियत नाही.

याच कायद्याने शाळेला मैदान आणि प्रत्येक वर्गाला खेळाचे साहित्य सक्तीचे केले. पण मैदान केवढे, हे अनुसूचीत लिहिलेच नाही. मग दोन चारचाकी गाड्या उभ्या राहतील एवढ्या मोकळ्या पट्टीला मैदान म्हणून मान्यता घ्यायची वाट संस्थाचालकांना सापडली नसती तरच नवल. शारीरिक शिक्षणाचा निदेशक द्यायचे कायद्याने कबूल केले ते सहावी ते आठवीला, तोही पटसंख्या शंभरावर असेल तर आणि अर्धवेळ. पहिली ते पाचवीच्या मुलांना, ज्यांना त्याची सर्वांत जास्त गरज, त्यांना काहीच नाही. बालभारतीने या वर्गांसाठी 'खेळू, करू, शिकू' नावाचे पुस्तक काढले आहे. पुस्तक दप्तरात असते. खेळायचा तास मात्र गणिताला गेलेला असतो आणि पी.टी.च्या रकान्यात सही झालेली असते.

आता मैदानांची दशा पाहा. गावात शाळेच्या आवारात मांडव पडतात, वऱ्हाडे उतरतात, आठवडी बाजाराची वाहने लागतात. पुढाऱ्याचा वाढदिवस, सभा, कीर्तन, क्रिकेटचे चषक, सगळ्यांना शाळेचेच मैदान हवे. कार्यक्रम संपला की मुलांच्या वाट्याला खिळे, काचा आणि पत्रावळी. आमदार निधीतून मातीवर पेव्हर ब्लॉक बसवून त्याला सुशोभीकरण म्हणण्याचा रोग तर साथीसारखा पसरला आहे. ज्या जमिनीवर लेकरांनी पडायचे, घसरायचे, लोळायचे, तिथे सिमेंटच्या विटा! त्यावर एकदा गुडघा फुटला की आई शाळेत येते आणि मुख्याध्यापक दुसऱ्या दिवसापासून पळायला बंदी घालतात. मुंबई-पुण्यात शाळेच्या इमारती उंच होत गेल्या आणि आवार वाहनतळ झाले. तिथले बाप संध्याकाळी तासाला पैसे मोजून कृत्रिम हिरवळीवर मुलाला खेळायला नेतात. ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांची मुले गल्लीत मोटारींच्या मधून पळतात. हरियाणाच्या यमुनानगर जिल्ह्यात भगवानपूर गावी शाळेच्या मैदानाच्या जागेत झालेले अतिक्रमण कायम करायला सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३मध्ये नकार दिला आणि मैदानाशिवाय शाळा असूच शकत नाही असे बजावले. महाराष्ट्रात त्या कसोटीला किती शाळा उतरतील? जिल्हाधिकाऱ्यांनी एकदा मोजपट्टी घेऊन बाहेर पडावे.

उलट ज्या वस्त्या-पाड्यांवर शाळेला अंगण आहे, माती आहे, चिंचेचे झाड आहे, तिथल्या वीसहून कमी पटाच्या शाळा मिटवून दूरच्या समूहशाळेत मुले न्यायचा विचार २०२३पासून चालू आहे. म्हणजे अंगण असेल तिथे शाळा राहणार नाही आणि शाळा राहील तिथे अंगण नसेल.

सरकारला मुलांच्या शरीराची चिंता नाही असे नव्हे. पण ती चिंता प्रकटते कशी? जून २०२५मध्ये शालेय शिक्षणमंत्री दादा भुसे यांनी पहिलीपासूनच्या मुलांना प्राथमिक स्वरूपाचे लष्करी शिक्षण देण्याची आणि त्यासाठी माजी सैनिकांची मदत घेण्याची योजना जाहीर केली. माजी सैनिकांविषयी आमच्या मनात पूर्ण आदर आहे. पण सहा वर्षांच्या बाळाला सावधान-विश्राम शिकवून त्याचे शरीर वाढत नाही. रांगेत उभे केलेले मूल हुकमाची वाट पाहते; खेळणारे मूल स्वतः ठरवते, स्वतः नियम करते, मोडते, भांडण मिटवते आणि पुन्हा डाव मांडते. शरीर आणि बुद्धी दोन्हींची वाढ त्या ठरवण्यात आहे. मंत्रिमहोदयांना शिस्त हवी असेल तर त्यांनी मुलांचा खो-खो पाहावा. ज्या क्षणी पाठीवर थाप बसते त्या क्षणी उठून कोणत्या बाजूला झेपावायचे हे जे मूल शिकते, त्याला वेगळ्या कवायतीची काय गरज? या खेळाचे नियम विसाव्या शतकाच्या आरंभी पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर बांधले गेले. जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताच्या पुरुष आणि महिला दोन्ही संघांनी तो जिंकला आणि दोन्हींचे कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे. त्यांच्या मिरवणुका निघाल्या, बक्षिसे जाहीर झाली. ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांनी आपल्या नातवाच्या शाळेत खो-खोला आठ जण ओळीने बसतील एवढी माती आहे का, ते तपासले काय? आम्हाला तर पदकेही नकोत. पदकाच्या आशेने मूठभर पोरे निवडायची आणि बाकीच्या हजारांना बाकावर बसवायचे, हा धंदा बंद व्हावा एवढेच मागणे आहे. सुट्टी सगळ्यांची असते. ज्याला धावता येत नाही त्याची सर्वांत आधी.

काहीजण म्हणतात, खेड्यातली मुले कुपोषित, त्यांना आधी खाऊ घाला, खेळ कसला काढता? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालची सुमारे ३५ टक्के बालके खुजी आढळली, हे आम्हालाही ठाऊक आहे. त्याच पाहणीत प्रमाणाबाहेर वजन असलेल्या बालकांचा वाटा आधीच्या फेरीच्या दुप्पट, म्हणजे सुमारे दोन टक्क्यांवरून चार टक्क्यांवर गेला, हेही त्यांनी वाचावे. एकाच राज्यात एक मूल उपाशी खुरटते आहे आणि दुसरे बसून फुगते आहे. पहिल्याला अन्नही हवे आणि खेळही. कारण पोटात गेलेली प्रथिने स्नायूंना लागतात ती स्नायू वापरले तर. शालेय पोषण आहाराने प्राथमिकच्या मुलाला रोज ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने द्यायची आहेत. ती द्या, पूर्ण द्या, आणि जेवण व खेळ यांना एकाच घंटेत कोंबू नका. आज मूल खेळायला मिळावे म्हणून निम्मे ताट टाकून पळते, नाहीतर भरल्या पोटी पळून कळ काढते. भूक आणि खेळ यांच्यात निवड करायला लावणारी ही व्यवस्था निर्दय आहे.

हा विचार आम्ही परदेशातून उसना आणलेला नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी शाळा उभी केली. मुले गुरांमागे जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे दिसल्यावर या बायांनी मुलांना दोष दिला नाही, शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा! झाड, ओढा, दगड, गवत हेच साहित्य. त्याआधी तीन दशके, १९१४मध्ये, अमरावतीला वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा पाया घातला. गावोगाव मारुतीपुढे तालीम असणारा हा मुलूख. त्या मुलुखात आज सात वर्षांचे मूल धावले म्हणून शिक्षा खाते.

शिक्षेचेही बोलायलाच हवे. उशीर झाला, वही विसरली, मधेच बोलला, की सुट्टी बंद. सर्वांत चळवळ्या मुलाला, ज्याच्या शरीराला हालचालीची सर्वांत निकड आहे त्यालाच, कोपऱ्यात उभे करतात आणि मग दुपारी तो आणखी बेचैन झाला की त्याच्या बापाला बोलावतात. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१३मध्येच सांगितले की शिक्षा म्हणून किंवा अभ्यासासाठी सुट्टी काढून घेऊ नये. आमच्या शिक्षणहक्क कायद्याचे कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई करते. मुलाला चार भिंतींत बसवून बाहेर खेळणाऱ्या सोबत्यांचा गलका ऐकवणे हा छळ नाही तर काय आहे? छडी गेली, आता ही शिक्षाही जायला हवी.

मुलींची गोष्ट आणखी वेगळी. जिथे मैदान आहे तिथेही मध्यभाग मोठ्या मुलांच्या क्रिकेटने अडवलेला असतो आणि मुली कडेच्या पायरीवर. तिसरी-चौथीपासूनच त्यांना सांगितले जाते, फ्रॉक सांभाळ, पळू नकोस, बरे दिसत नाही. फुगडी, झिम्मा, सागरगोटे, लंगडी यांत त्यांच्या आज्यांनी जी ताकद कमावली तीही या मुलींना लाभत नाही. दर शाळेने सुट्टीतल्या मैदानाचा निम्मा भाग, किंवा निम्मे दिवस, मुलींना राखून द्यावा आणि गणवेशात पळता येईल असा पोशाख ठेवावा. ज्यांच्या पायांत बळ नाही किंवा डोळ्यांना दिसत नाही अशा मुलांना सुट्टीत वर्गाची राखण करायला बसवतात, हेही आम्ही पाहतो. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम १६ त्यांना इतरांच्या बरोबरीने खेळाची संधी द्या असे शाळांना बांधून सांगते. ते पाळले जात नाही.

शिक्षकांवर सगळा राग काढणे अन्यायाचे होईल. दोनशिक्षकी शाळेत एक गुरुजी मतदार यादीच्या कामावर, दुसरे पोषण आहाराची माहिती मोबाइलवर भरण्यात, तांदळाचा हिशेब लिहिण्यात. मैदानावर लक्ष ठेवायचे कोणी? मूल पडले तर नोटीस शिक्षकाला, मूल नापास झाले तर जाब शिक्षकाला, पण मूल वर्षभर खेळलेच नाही म्हणून आजवर एकाही शिक्षकाला, एकाही केंद्रप्रमुखाला कोणी विचारलेले नाही. म्हणून दर केंद्रशाळेमागे प्राथमिकसाठी एक पूर्णवेळ क्रीडाशिक्षक नेमा, तो आठवडाभर केंद्रातल्या शाळा फिरेल. आणि सुट्टीच्या वेळेत माहिती भरायला लावणारे आदेश बंद करा.

आदेश काढणे सरकारला जमत नाही असे नाही. २०१५मध्ये दप्तराचे ओझे मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांवर जाऊ नये असा शासन निर्णय निघाला. २०२४मध्ये लहान मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका असा आदेश निघाला. झोपेसाठी आणि पाठीसाठी शासन लेखणी उचलू शकते, तर हाडांसाठी, डोळ्यांसाठी, हृदयासाठी का नाही? अमेरिकेत अटलांटा शहराने १९९०च्या दशकात अभ्यासाच्या हव्यासापायी प्राथमिकची सुट्टीच रद्द केली आणि मैदान नसलेल्या शाळा बांधल्या. त्याच देशात फ्लोरिडा राज्यात आयांनी वर्षानुवर्षे विधिमंडळाचे उंबरे झिजवले आणि २०१७मध्ये सार्वजनिक प्राथमिक शाळांत रोज किमान सलग वीस मिनिटे मोकळ्या खेळाची सक्ती करणारा कायदा करून घेतला. भारताने तर बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारावर १९९२मध्येच मान्यतेची मोहर उठवली आहे, आणि त्याचे कलम ३१ खेळाला व विश्रांतीला मुलाचा हक्क म्हणते.

शासनाने येत्या शैक्षणिक वर्षाच्या आत निर्णय काढावा. पहिली ते पाचवीला जेवणाची सुट्टी वेगळी आणि खेळाची वेगळी; खेळाची मिनिटे दिवसाला साठ, दोन पाळ्यांच्या शाळेत कोणत्याही सबबीवर चाळीसच्या खाली नाहीत; ती शिक्षेत, जादा वर्गात किंवा तपासणीच्या तयारीत वापरली तर मुख्याध्यापकांकडून खुलासा. उन्हाच्या महिन्यांत ही सुट्टी सकाळी, सावलीत. शाळेच्या मातीवर सिमेंट घालायला बंदी आणि शाळेच्या वेळात मैदान कोणालाही भाड्याने नाही, मग मागणारा कितीही मोठा असो.

आईबापांनो, तोवर हात बांधून बसू नका. अनुदानित आणि सरकारी शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत आणि निम्म्या स्त्रिया, असे कायद्याचे कलम २१ सांगते. शाळेच्या कामावर देखरेख ठेवणे हे या समितीचे कामच आहे. खासगी शाळांत पालक-शिक्षक संघ आहेत. तिथे आजवर सहलीचे पैसे आणि गणवेशाचे दुकान यांवर घसा कोरडा केलात. पुढच्या बैठकीत वेळापत्रक मागा, सुट्टीची मिनिटे मोजा, मैदानाचा सात-बारा किंवा करारनामा टेबलावर ठेवायला लावा, आणि साठ मिनिटांचा ठराव लिहून घेऊन त्यावर सह्या करा. शाळा ऐकत नसेल तर तोच ठराव घेऊन गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कचेरीवर जा. जाताना मुलांना घरी ठेवू नका. चेंडू, लगोऱ्या, उड्या मारायच्या दोऱ्या बरोबर घ्या, कचेरीच्या आवारात डाव मांडा, आणि लेखी उत्तर हातात पडेपर्यंत मुलांना तिथेच खेळू द्या.